फ्लेक्सवरचे ते फोटो मीच कापून चिकटवलेत : आपल्या पतसंस्थेच्या चेअरमन आणि संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. चेअरमनसाहेब, व्हाईस चेअरमनसाहेब आणि सर्व संचालक मंडळी यांस,

स. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितोय, कारण तुम्ही केलंत तेही उघड्यावरच केलंत. संस्थेचं नाव घालत नाही. तुम्हाला कळेलच, इचलकरंजीत ज्यांना कळायचं त्यांनाही कळेल. बाकी ज्याच्या गावात असा फ्लेक्स लागलाय त्यानं आपापल्या संस्थेचं नाव घालून वाचावं.

गेल्या रविवारी सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन परत येताना मुख्य रस्त्यावर तो फ्लेक्स पाहिला. वर संस्थेचं बोधचिन्ह, खाली लाल अक्षरांत 'थकबाकीदार', मग एकतीस फोटो. प्रत्येक फोटोखाली नाव, गल्ली, मुद्दल, व्याज. त्याला खेटूनच गणपतीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, त्यावर तुम्ही सगळे हात जोडून उभे. दोन्ही एकाच ठिकाणी छापलेले असणार, कडेची नक्षी तीच आहे. छापणारा ओळखीचा निघाला. त्याचं बिल अजून निघालेलं नाही म्हणे. म्हणजे थकबाकीदारांच्या फ्लेक्सचेच पैसे थकलेत. असो.

चौदा नंबरच्या फोटोत उजव्या कडेला हिरव्या साडीचा काठ आणि खांद्याचा एक तुकडा दिसतो. बघणाऱ्याला ती छपाईतली चूक वाटेल. ती माझ्या कात्रीची चूक आहे. २०१५ च्या मार्चमध्ये हा गृहस्थ फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याच्याकडे एकट्याचा फोटो नव्हता. नवरा-बायकोचा होता, कुठल्यातरी लग्नातला. 'साहेब, ह्योच कापा की. फोटूवाला आज बंद हाय.' मार्चअखेरची गडबड होती. मी कापला, मागं डिंक लावला आणि फॉर्मवरच्या चौकटीत बसवला. खांदा राहिला. तेव्हा तो नखाएवढा होता, आता चांगला वीतभर झालाय, आणि ज्या बाईचा तो आहे ती बाजाराला मागच्या बोळातून जाते.

ते एकतीसच्या एकतीस फोटो कर्जाच्या अर्जावरचे आहेत. कर्ज मागायला येणारा माणूस बरा दिसावा म्हणून इस्त्रीचा शर्ट घालतो, भांग पाडतो, फोटोवाल्यानं 'जरा हसा' म्हटलं की थोडा हसतोही. त्यामुळे फ्लेक्सवरचे सगळे थोडे हसल्यासारखे दिसतात. रस्त्यावरची पोरं त्यालाच हसत होती : पैसे बुडवून दात काढतोय बघ कसा.

'हा कोण टिकोजीराव' असं कुणी विचारायच्या आधी माझ्याविषयी सांगतो. आपल्या संस्थेत २६ वर्षं नोकरी केली. बहुतेक काळ कर्ज विभागात, शेवटची चार वर्षं वसुलीला. २०२१ च्या मे महिन्यात निवृत्त झालो. फंड-ग्रॅच्युइटीचं जे काही आलं ते आपल्याच संस्थेत मुदत ठेवीत आहे. पैसे बुडाले तर त्यात माझेही बुडणार आहेत, तेव्हा मला कर्जदारांचा पुळका आलाय असं समजू नका. वसुलीला असताना काय काय पाहिलं! बनियनवर दार उघडून 'मालक गावाला गेल्यात' असं मलाच सांगणारा मालक पाहिला. आपल्याला तारण दिलेली मशीन आणखी दोन संस्थांना तारण देणारा कारखानदारही पाहिला. भारी मृदू बोलायचा, दर वेळी चहा आणि वर खारी. तो ह्या फ्लेक्सवर नाही. त्याचं खातं आजही नियमित दिसतं. कसं, ते पुढं येईल.

आता चौदा नंबरचं खातं. त्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, 'लिवा की. आता आनि काय झाकायचं ऱ्हायलंय?'

हा खर्चीवाला. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, व्यापारी सूत देतो, ह्यानं आपल्या मागांवर कापड विणून द्यायचं आणि मीटरमागे मजुरी घ्यायची, तिला इथं खर्ची म्हणतात. आठ साधे यंत्रमाग, पत्र्याची शेड, दोन कामगार, कांड्या (आडव्या धाग्याची छोटी रिळं) भरायला बायको. आणखी दोन जुने माग आणि मोटारी घ्यायला त्याला दोन लाख मंजूर झाले, दर १५ टक्के. शेअर्सची कपात, विमा, स्टॅम्प, फॉर्म फी वजा जाता हातात पडले एक लाख नव्वद हजाराच्या आतबाहेर. नोव्हेंबर २०१६ पर्यंत एक हप्ता चुकला नाही. तोवर ऐंशी हजार मुद्दल फिटलं, एक लाख वीस हजार उरलं.

मग ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या. व्यापाऱ्याकडून कामगारांच्या पगाराला रोकड मिळेना. दोघांतला एक कामगार गावी गेला तो परत आलाच नाही. पुढच्या जुलैत जीएसटी आला, व्यापाऱ्यांनी माल उचलणं थांबवलं, माग आठवड्यातून तीन दिवस चालायला लागले. हप्ते बंद पडले. २०१८ च्या मार्चमध्ये आम्ही त्याचं 'नवं-जुनं' केलं.

हा शब्द तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण पत्र उघडं आहे. जुनं कर्ज थकलं की त्याच माणसाच्या नावानं नवं कर्ज मंजूर करायचं, त्यातून जुनं मुद्दल-व्याज जमा करून घ्यायचं, आणि जुन्या खात्यावर 'पूर्ण फेड' असा शिक्का मारायचा. माणसाच्या हातात एक रुपया पडत नाही. वहीत मात्र जुनं फिटतं, नवं उघडतं, थकबाकीचं प्रमाण खाली येतं, ऑडिटला वर्ग 'अ' मिळतो, आणि सभेत लाभांश जाहीर करता येतो. एक लाख वीस हजारावर सोळा महिन्यांचं व्याज चोवीस हजार झालं होतं. ते मुद्दलात घालून एक लाख चव्वेचाळीस हजारांचं नवं कर्ज. त्यानंतर त्यानं अधूनमधून जे हजार-पाचशे भरले ते दंडव्याजात आणि नोटिशीच्या खर्चात गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी त्याच्या शेडमध्ये आलं. ओसरल्यावर मी वसुलीच्या निमित्तानं गेलो होतो. बीमवरचं सूत चिखलानं बरबटलेलं, मोटारी काढून दगडावर वाळत ठेवलेल्या, आणि त्याची बायको जुन्या टूथब्रशनं त्यातला गाळ काढत होती. मी हप्त्याचं विचारलंच नाही, पावती-पुस्तक पिशवीतून बाहेर न काढता परत आलो. ऑफिसात 'घर बंद' असा शेरा मारला.

२०२० च्या मार्चमध्ये पुन्हा नवं-जुनं. दोन वर्षांचं व्याज त्रेचाळीस हजार दोनशे, नवं मुद्दल एक लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे. त्या सह्या मी घरी जाऊन घेतल्या, लॉकडाऊनच्या जेमतेम आठवडाभर आधी. पुढचे महिने मागांचा आवाजच बंद होता. ज्यांनी ती शांतता ऐकलीय त्यांना माहीत आहे, ह्या गावाला रात्री त्या खडखडाटाशिवाय झोप येत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये तिसरं नवं-जुनं झालं, व्याज अठ्ठावीस हजार ऐंशी. त्याच वर्षी त्यानं माग भंगारात घातले. आता दुसऱ्याच्या ऑटोलूमवर, म्हणजे स्वयंचलित मागावर, रात्रपाळी करतो.

फ्लेक्सवर त्याच्या नावापुढं लिहिलंय : मुद्दल २,१५,२८०.

घेतले दोन लाख. ऐंशी हजार मुद्दल फेडलं, त्यावरचं व्याज फेडलं ते वेगळंच. आणि मुद्दल उरलं दोन लाख पंधरा हजार. ह्यात त्यानं उधळपट्टी कुठं केली ते मला कुणीतरी दाखवावं. आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना दंडक होता, व्याज कधीही मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. सावकारानं त्याला शोधलेली पळवाट हीच होती, व्याज मुद्दलात घालून नवा कर्जरोखा लिहून घ्यायचा. आम्ही तेच संगणकावर केलं. तीनही वेळेला ती नोंद माझ्या हातची आहे, आणि चहा-खारीवाल्या कारखानदाराचं नवं-जुनंही दर मार्चला मीच करत होतो. फरक इतकाच की त्याचं अजून चालू आहे. ह्याचं तिसऱ्या खेपेनंतर तुम्ही थांबवलंत, म्हणून हा फ्लेक्सवर आला.

बावीस नंबरविषयी तर मला जास्तच बोललं पाहिजे, कारण त्याला नावं ठेवणाऱ्यांत मी होतो. त्याच्या फाईलवर कारण लिहिलंय 'घरदुरुस्ती'. वसुलीला गेलो तर घर जसंच्या तसं, पावसाळ्यात भिंतीला ओल, न्हाणीघराला दाराऐवजी पोतं. मी ऑफिसात येऊन सांगितलं, ह्यानं पैसे दुसरीकडेच उडवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी 'ऋण काढून सण' म्हणालं, आम्ही हसलो.

पुढं एकदा बसमध्ये तो शेजारी बसला. म्हणाला, 'साहेब, तुमीच तर सांगितलासा काय लिवायचं त्ये.' मला आठवेना. मग आठवलं. पोराच्या किडनीचं दुखणं होतं. तो फॉर्मवर 'दवाखाना' लिहायला लागला तेव्हा मीच म्हटलं होतं की दवाखाना लिहू नका, कमिटी विचारते, आजारी माणसाच्या घरात फेडणार कोण? घरदुरुस्ती लिहा, लगेच होतंय. मदतीच्या भावनेनंच सांगितलं होतं, आणि तसं मी कितीतरी जणांना सांगितलंय. दवाखान्याचं घरदुरुस्ती होतं, जुनी देणी भागवायची असतात तिथं व्यवसायवाढ होतं, पोराच्या फीचं फर्निचर होतं. आपल्या कपाटातल्या फायलींत 'कर्जाचे कारण' ह्या रकान्याइतकं खोटं दुसरं काही नाही, आणि ते कर्जदाराचं एकट्याचं खोटं नाही. त्यानं ते आमच्या टेबलावर, आमच्या पेनानं लिहिलंय. तेव्हा सरकारी योजनेतून कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे. त्याचा बहुतेक खर्च कोल्हापूरला जाणं-येणं, बाहेरची औषधं आणि बुडालेली मजुरी ह्यांत झाला होता. ह्यातलं कुठल्या योजनेच्या यादीत बसतं?

नऊ आणि सत्तावीस नंबरवर तर कर्जच नाही, ते जामीनदार आहेत. सत्तावीस नंबर शाळेत शिपाई. चुलतभावानं फॉर्म पुढं केला, म्हणाला, नुसती सही पायजे. भावकीत सही नाकारली की दिवाळीला कुणी घरात घेत नाही. दिली की हे असं. मूळ कर्जदार मुलाकडे पुण्याला गेला. सत्तावीस नंबरच्या पगारातून कपात चालू आहे, म्हणजे आपण त्याच्याकडून पैसे घेतोयही आणि त्याला टांगलाही आहे. निदान तेवढा तरी हिशोब वसुली विभागानं कुणाला तरी विचारायचा.

पाच नंबरची बाई कांड्या भरते. तिनं चाळीस हजार घेतले ते चार ठिकाणच्या महिला गटांचे हप्ते भागवायला. गटाची बैठक तुम्ही पाहिली नसेल. सकाळी गल्लीत सतरंजी पडते, वीसेक बाया बसतात, गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचा पोरगा टॅब घेऊन येतो. एकीचा हप्ता कमी पडला तर तो भरेपर्यंत बाकीच्यांना उठता येत नाही. कुणाच्या चुलीवर दूध असतं, कुणाची कामाची पाळी सुरू व्हायची वेळ. मग सगळ्या मिळून त्या एकीकडे बघतात. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केला की अशा घराची सगळ्या कर्जांची महिन्याची फेड उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ द्यायची नाही. पण उत्पन्न किती, हे तोच पोरगा टॅबवर भरतो. मी 'घरदुरुस्ती' लिहायला लावायचो तसंच.

आणि मी स्वतः? २००८ मध्ये मीही संस्थेकडून घरासाठी कर्ज घेतलं होतं. एक हप्ता चुकला नाही. बरीच वर्षं त्याचा अभिमान होता, वसुलीला गेल्यावर लोकांना ऐकवायचोही, 'आम्हीपण कर्ज फेडलंय, आम्हाला काय झाडाला पैसे लागत नव्हते'. माझा हप्ता पगार हातात यायच्या आधीच कापला जायचा. चुकवायची सोयच नव्हती. नोटबंदीत माझा पगार झाला, पुरात झाला, लॉकडाऊनमध्ये उशिरा का होईना पण झाला. ज्याच्या मिळकतीला दर महिन्याला एकच आकडा असतो त्यानं, ज्याच्या मिळकतीला कधी सहा आणि कधी शून्य असतो त्याला, अंथरूण पाहून पाय पसर म्हणून सांगायचं, हे मी वर्षानुवर्षं केलं.

आता तुमचं म्हणणं मला माहीत आहे. चेअरमनसाहेब, तुम्ही परवा कट्ट्यावर बोललात ते कानावर आलं : फ्लेक्स लागला आणि पंधरा दिवसांत सहा जणांनी पैसे भरले, सात वर्षांत नोटिसांनी झालं नाही ते झालं. खरं आहे. त्या सहांपैकी दोघांना मी भेटलो. एकीनं मंगळसूत्र सोनेतारणवाल्याकडे ठेवलं, आता गळ्यात काळी पोत आहे. दुसऱ्यानं शेकडा दहानं उचलले. शेकडा दहा म्हणजे महिन्याला दहा, वर्षाला एकशे वीस टक्के. तो सावकार परवाना-बिरवाना ठेवत नाही, कोरा चेक ठेवतो. २०१४ चा सावकारी कायदा आहे, त्याखाली जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते, सावकारीत गेलेली जमीनसुद्धा परत मिळू शकते. पण तक्रार करायची म्हणजे पुन्हा आपण कर्जात आहोत हे चारचौघांत सांगायचं, आणि ह्या माणसाचं तर नुकतंच सांगून झालंय. आपल्या वहीतलं कर्ज दुसऱ्याच्या वहीत गेलं, तेही आठपट दरानं. ह्याला वसुली म्हणायचं तर म्हणा.

कायदेशीर वाट आपल्याकडे नाही असंही नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, १५६ खाली जप्ती करता येते. वेळ लागतो, मान्य. पण त्यात समोरच्याला नोटीस जाते, निबंधकासमोर त्याला तोंड उघडता येतं. मोठ्या बँकांना सुद्धा एखाद्याला 'हेतुपुरस्सर थकबाकीदार' ठरवायचं तर रक्कम पंचवीस लाखांच्या खाली चालत नाही, आधी नोटीस, मग म्हणणं मांडायची संधी, मग समिती. आपल्या फ्लेक्सवर सर्वांत लहान आकडा एकोणतीस हजारांचा आहे. तो म्हणणं कुठं मांडणार, फ्लेक्सखाली उभा राहून?

फोटो लावण्याविषयी कोर्टात दोन्ही बाजूंनी बोललं गेलंय, ते लपवत नाही. मद्रास उच्च न्यायालयानं २००६ मध्ये एका बँकेला थकबाकीदारांचे फोटो छापायची मोकळीक दिली होती. पण डिसेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर आलेलं प्रकरण आपल्याच जातकुळीचं होतं, सहकारी संस्था, कर्जदारांची नावं, फोटो आणि फ्लेक्स. सहकार खात्यानं तो उतरवायला सांगितला, संस्था कोर्टात गेली आणि हरली. माणसाच्या सन्मानानं जगण्याच्या हक्कावर हा घाला आहे असं कोर्ट म्हणालं. केरळचा निकाल इथं जसाच्या तसा लागू होतो का, ते वकिलांनी सांगावं. तुम्ही विचारलंत का कुणाला, एवढंच माझं विचारणं.

मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपवाल्यांना आपण सगळेच शिव्या घालतो. फोनमधले नंबर चोरतात, सासरच्यांना, शेजाऱ्यांना फोन करून सांगतात की ह्यानं पैसे बुडवलेत. गेल्या वर्षीच्या सभेत तुमच्यापैकीच एकानं भाषण केलं होतं की बघा, आपली संस्था माणुसकीची, ते ॲपवाले राक्षस. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये त्या ॲपना फोनमधली नावं-नंबर बघायलाच बंदी केली, वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असं बजावलं. आपण रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, सहकार खात्याखाली येतो, म्हणून ते नियम आपल्याला नाहीत. फ्लेक्स तर रात्री अकरालाही दिसतो. वर हॅलोजन लावलाय.

माणसाला पारखूच नये असं माझं म्हणणं नाही. तो मशीनवाला कारखानदार, त्याला पारखा. बनियनवाल्या मालकालाही पारखा, त्याच्या मागच्या खोलीत नवा फ्रीज मी पाहिलाय. पण पारखायचं तर फाईल पहिल्या पानापासून उघडावी लागते, शेवटच्या पानावरचा आकडा फोटोखाली लिहून ते होत नाही. हे काही मी नवीन सांगत नाहीये. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. माणसांच्या अंगावर फारसं कुणी गेलं नाही, त्यांना हवे होते ते रोखे आणि खतपत्रं, ती सापडली की जाळली. त्याआधी अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्याकडच्या कापसाला भाव आला होता, सावकार मागेल त्याला देत होते. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं, भाव पडला, पुढं साराही वाढला, आणि देणाऱ्यांनी हात आखडला. शेतकरी तोच होता, देणं मात्र अंगावर आलं. इंग्रज सरकारनं चौकशी नेमली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात न्यायाधीशाला सांगितलं होतं की समोरच्या रोख्यावरच्या आकड्यावर थांबू नका, व्यवहार पहिल्यापासून तपासा, मूळ दिलं किती, व्याज किती, मध्ये किती वेळा नवा कागद झाला. आणि देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणंही बंद केलं. कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर ह्या चार जिल्ह्यांपुरता होता, आपली इचलकरंजी तेव्हा जहागिरीत. पण दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारनं जे विचारायला लावलं, ते आपल्या सहकारी संस्थेला आपल्याच सभासदांविषयी विचारावंसं वाटत नाही?

ह्याच महिन्याअखेर वार्षिक सभा आहे. तिथं मी उभा राहणार आहे, माईक बंद केलात तर बिनमाईकचा बोलेन, आवाज वसुलीत कमावलेला आहे. फ्लेक्स सभेच्या आधी उतरावा. जामिनदारांकडे, विशेषतः सत्तावीस नंबरकडे, लेखी दिलगिरी जावी. फ्लेक्सवरच्या सगळ्या कर्जखात्यांवर मूळ हातात दिलेली रक्कम, आजवर आलेली रक्कम आणि किती वेळा नवं-जुनं झालं, हे तीन रकाने काढून ते कागद ज्याचे त्याला घरपोच द्यावेत, म्हणजे सामोपचाराच्या एकरकमी फेडीला बसताना त्याच्या हातात काहीतरी असेल. आणि थकबाकीदारांची यादी जाहीरच करायची हौस असेल तर पहिल्या वीस मोठ्या कर्जखात्यांची यादी सभेत वाचा, संचालकांचे नातेवाईक धरून. त्यातले फोटो नकोत. नावं पुरेत. त्या फायली मी लावलेल्या आहेत, कुठलं नाव गाळलं ते मला कळेल.

माझ्यावरही कारवाई करायची तर करा. नवं-जुन्याच्या सह्या-शिक्क्यांत माझं नाव आहे, मी नाकारणार नाही. ठेव मुदतीआधी काढून घेणार नाही, तीही तिथंच असेल.

एक शेवटची गोष्ट. आपल्याकडे उतरवलेला फ्लेक्स कधी टाकून देत नाहीत. कुणीतरी नेतो आणि पावसात पत्र्यावर अंथरतो, निम्म्या शेडांवर गेल्या निवडणुकीतले उमेदवार आडवे पडलेले दिसतील. हा तसा कुणाला नेऊ देऊ नका. उतरवला की मला निरोप द्या, मी येतो. कात्री माझ्याकडे आहे.

आपला,
एक सभासद, ठेवीदार आणि माजी वसुली क्लार्क
इचलकरंजी